बत्तीस बाइट येणे

अंबडच्या कारखान्यात मी
द्राक्षबागेच्या व्हॉल्व्हचा प्रोग्रॅम लिहिते.
मेमरी दोन केबी.
म्हणजे किती, आईने विचारलं.
म्हटलं, एक फडताळ, त्यात दोन हजार अठ्ठेचाळीस वाट्या,
एका वाटीत एकच अक्षर, तेही इंग्रजी.
मराठी अक्षराला तीन वाट्या लागतात.
लागणारच, ती म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी यंत्र गप्प होतं.
मोहाडीत, दिंडोरीत, पिंपळगावात,
सगळीकडे एकोणिसाव्याच.
अठरा दिवस निमूट पाणी सोडतं,
रात्री नऊला मालकाला मेसेज पाठवतं, मग काही नाही.
बंद करून चालू केलं की पुन्हा शहाणं.
साहेब म्हणतात, सांगून टाकू लोकांना,
अठराव्या दिवशी बटण दाबत जा.

भांडी बाजारात आमचं दुकान होतं,
लग्नाची भांडी भाड्याने.
प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्याने नाव घातलेलं,
पुं. गो. कासार. माझे वडील.
वही मात्र कचरूमामांची.
कढया सहा, मखमलाबाद. पराती चार, गंगापूर रोड.
शेवटचा रकाना लाल शाईचा: येणे.
‘वहीत भांडं नसतं, पोरी,
भांड्याचा पत्ता असतो.’
आलेलं पातेलं ते आधी विसळायला लावत.
रिकामं दिसलं म्हणून रिकामं नसतं.
एकदा घाईत तसंच दिलं
आणि सातपूरच्या साखरपुड्यात
बासुंदीला मठ्ठ्याचा वास आला.
ताटांची चळत वरून उतरवायची,
जे शेवटी ठेवलं ते आधी.
मधलं ओढलंस तर पायावर येईल.
आलं एकदा. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

मामांच्या आधीची तीन भावंडं गेली होती.
म्हणून चौथ्याला उकिरड्यावर ठेवून उचललं,
नाव कचरू,
म्हणजे मरण येईल, बघेल,
आणि म्हणेल, हे काय न्यायचं.
ब्याऐंशी वर्षं चाललं ते नाव.

मोठ्या कॉम्प्युटरांत एक झाडूवाला असतो.
ज्याच्याकडे कुठलंच नाव बोट दाखवत नाही
ते तो उचलून नेतो.
माझ्या यंत्रात तो नाही,
त्याला उभं राहायलाही जागा नाही.
इथे घेतलं त्यानेच परत ठेवायचं.

काल रात्री कागद घेऊन बसले.
मोकळ्या वाट्या सहाशे.
एका मेसेजला बत्तीस.
अठरा गुणिले बत्तीस, पाचशे शहात्तर.
उरल्या चोवीस.
एकोणिसाव्या दिवशी बत्तीस मागितल्या
तर फडताळ काय बोलणार?
दोनशे बाराव्या ओळीवर सापडलं.
मेसेज गेला की फंक्शन
मागच्या दाराने निघून जातं,
वाट्या आत तशाच, कुणाच्या नावावर नाहीत,
आणि परतही नाहीत.
ते दार मीच ठेवलेलं.
व्हेरिएबलला नावही काय दिलेलं: टेम्प.
तात्पुरतं.

दुकान विकलं तेव्हा वही माझ्याकडे आली.
शेवटच्या पानावर एकच लाल ओळ:
घंगाळ एक, तिवंधा, दुसरा मजला, येणे.
मी जाऊन आले.
पत्ता बरोबर आहे.
त्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकतात.
मुलगा म्हणाला, कुठलं मॉडेल, ताई?

एक ओळ वाढवली. परत ठेव.
परत ठेवलं म्हणजे पुसलं असं नाही.
त्या बत्तीस वाट्यांत अजून
‘पाणी चाळीस मिनिटे सोडले’ असंच असतं,
फक्त विचारणारं कोणी नाही.
पुढचा येतो आणि त्यावरच लिहितो.

विसाव्या रात्री मोहाडीहून मेसेज आला,
नऊ वाजून एक मिनिट.
आई भाकरी थापत होती.
आल्या का गं वाट्या परत?
आल्या.
विसळून ठेव.